पेटीला रोग आलाय का? नाशिककडच्या मधपाळांचे नेहमीचे प्रश्न

आमच्याकडे गिरणारे-दिंडोरी पट्ट्यात आता बऱ्याच जणांकडे दोन-चार पेट्या आहेत, कुणाकडे सातेरी म्हणजे आपली देशी माशी, कुणाकडे मेलिफेरा म्हणजे बाहेरून आणलेली, आणि फोन सगळ्यांचा एकाच वाक्याने सुरू होतो, "भाऊ, पेटीला रोग आलाय, औषध सांगा". मी विचारतो फ्रेम, म्हणजे पोळ्याची चौकट, काढून पाहिली का, तर नाही. मग औषध कशावर सांगायचं? तेच तेच प्रश्न दर आठवड्याला येतात म्हणून एकदाच लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही की शास्त्रज्ञ नाही, पेट्या सांभाळतो, आणि बऱ्याच घालवल्या पण आहेत.

पेटी न उघडता बाहेरून रोग कळतो का?

अर्धा कळतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास दारासमोर पाच मिनिटं उकिडवं बसा, चहा घेऊन बसा हवं तर. पायांना परागाचे गोळे लावून माश्या आत जातायत म्हणजे आत पिलं आहेत आणि राणी बहुधा चालू आहे. पराग येत नाहीये, माश्या दारात नुसत्या रेंगाळतायत, जमिनीवर सरपटतायत, पंख वाकडेतिकडे आहेत, दारावर पिवळट-तपकिरी ओघळ आहेत, खाली सुकलेली पिलं ओढून टाकलीयेत, यातलं काहीही दिसलं की पेटी उघडायची. पेटीच्या दारात नाक पण लावून बघा. चांगल्या पेटीचा वास मेण-मधाचा गोडसर असतो, आंबूस किंवा कुजका वास आला तर काहीतरी गडबड आहे हे नक्की.

उघडल्यावर नेमकं काय बघायचं? मला सगळ्या फ्रेमा सारख्याच दिसतात.

सुरुवातीला सगळ्यांना दिसतात. मधल्या फ्रेमा काढा, पिलं तिथेच असतात. सूर्य पाठीमागे घ्या म्हणजे ऊन खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडतं. अंडी तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, उभी चिकटलेली. अळी मोत्यासारखी पांढरीशुभ्र, चकचकीत, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. झाकण घातलेली घरं सलग, बिस्किटी रंगाची, किंचित फुगीर. हे चित्र एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं.

आता झाकणं खोल गेलेली, त्यांना भोकं पडलेली, अळी पिवळी पडलेली, आडवी पसरलेली, किंवा अर्धवट उघड्या घरातून डोकं वर काढून मेलेली, असं काही दिसलं तर थांबा आणि मोबाईलने जवळून फोटो काढा. मला फोन करणारे पेटीचा फोटो पाठवतात, अहो पेटीचं लाकूड मला दिसतंय, आतलं दाखवा ना.

एक गोष्ट मात्र रोग नसते. पिलं विस्कटलेली, मध्ये मध्ये रिकामी घरं, आणि एकेका घरात तीन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, असं असेल तर राणी मेलीये आणि कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्यात. त्यातून फक्त नर निघतात. त्याला औषध नाही, ती पेटी दुसऱ्या चांगल्या पेटीत मिसळावी लागते.

सातेरीच्या फ्रेममध्ये पिलं डोकं वर करून मेलीयेत, पाण्याच्या पिशवीसारखी झालीयेत. हे काय आहे?

थाई सॅकब्रूड. सातेरीवाल्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचा.

हा विषाणू आहे. १९७६ मध्ये थायलंडमध्ये सापडला म्हणून नाव थाई, दोन वर्षांत आपल्या ईशान्येकडे दिसला, आणि १९९१-९२ मध्ये दक्षिणेत उतरला तेव्हा केरळ, कर्नाटक, तामिळनाडूत सातेरीच्या बहुतेक पेट्या रिकाम्या झाल्या. मेलिफेराला सॅकब्रूड होतो पण तो वेगळ्या जातीचा, तिथे सहसा आपोआप आटोक्यात येतो. सातेरीला मात्र हा झोपवतो.

ओळखायची पद्धत अशी. अळी पूर्ण वाढते, घरावर झाकण पडतं, आणि कोष व्हायच्या आधीच ती मरते. कामकरी माश्या झाकण कुरतडतात म्हणून आपल्याला ती उघडी दिसते, घरात लांबलचक पसरलेली आणि टोक वर उचललेलं. बारीक चिमट्याने ते टोक धरून अलगद ओढा. निरोगी अळी अशी ओढली तर फुटते, ही फुटत नाही, अख्खी बाहेर येते आणि चिमट्याला पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबते. रंग आधी फिकट पिवळा, मग डोक्याकडून काळपट होत जातो. वाळली की होडीसारखी दोन्ही टोकं वर आलेली खपली होते आणि ती घरातून सहज सुटते. "सहज सुटते" हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मग यावर औषध कोणतं?

नाही. विषाणूवर औषध नाही, आणि कोणी बाटली दाखवून "सॅकब्रूडवर हमखास" म्हणत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. माझ्याकडे ११ सातेरीच्या पेट्या होत्या तेव्हा पहिल्या पेटीत हे आलं, मी एका दुकानातून पुडी आणून पाकातून पाजली आणि वर शहाणपणा म्हणजे अशक्त पेटीला आधार म्हणून चांगल्या पेटीतली फ्रेम तिच्यात आणि तिच्यातली फ्रेम चांगल्या पेटीत अशी अदलाबदल केली. पुढच्या दीड महिन्यात ७ पेट्या गेल्या. रोग माशीने नाही पसरवला, मी पसरवला, माझ्याच हाताने.

जे चालतं ते असं. पिलं होणंच काही दिवस थांबवायचं, कारण विषाणू पिलांवर वाढतो आणि मेलेली पिलं साफ करणाऱ्या, त्यांना भरवणाऱ्या दाई माश्यांमार्फत पुढच्या पिलांना जातो. राणीला पिंजऱ्यात १५ ते २० दिवस कोंडा, रोगट पिलांच्या फ्रेमा काढून टाका, माश्या जेवढ्या फ्रेमा झाकतील तेवढ्याच ठेवा, बाकीच्या काढा, पाक द्या. सातेरीला पिलं नसली की ती पळायच्या विचारात असते, म्हणून दाराला राणीजाळी लावा, जिच्यातून राणी बाहेर पडू शकत नाही. नंतर जमलं तर राणी बदला, ज्या पेटीला शेजारी रोग असूनही काही झालं नाही त्या पेटीची राणी तयार करून. दक्षिणेत सातेरी परत उभी राहिली ती अशाच वाचलेल्या वसाहतींमधून. काढलेल्या फ्रेमा खड्ड्यात जाळा, मेण वितळवून वापरायचा मोह नको.

आणि पेटी फारच गेली असेल, मूठभर माश्या उरल्या असतील, तर वाचवायला जाऊ नका. एक पेटी घालवून नऊ वाचतात.

फाउलब्रूड म्हणजे काय? अमेरिकन आणि युरोपियन असे दोन असतात ना?

हो, पिलं कुजवणारे हे दोन रोग, दोन्ही जिवाणूंचे, नावं देशांची असली तरी रोग देश बघून येत नाही.

युरोपियनमध्ये अळी लहान असतानाच मरते, चार-पाच दिवसांची, घरावर झाकण पडायच्या आधी. वाकडीतिकडी पडते, पांढऱ्याची पिवळी, पिवळ्याची तपकिरी होते, आंबट वास येतो. पेटी उपाशी असते, दाई माश्या कमी असतात, तेव्हा हा जोर धरतो. आपल्याकडे पाऊस लांबला आणि बाहेर काही फुललं नाही की दिसतो, आणि पेटी ताकदीवर आली, खुरासणी फुलली, पराग-मकरंद आला की बऱ्याचदा माश्याच तो साफ करतात. तेव्हा पाक द्या, अशक्त पेट्या एकत्र करा, घाण फ्रेमा काढा, राणी म्हातारी असेल तर बदला.

अमेरिकन आपल्याकडे क्वचित, पण आला तर खेळ संपतो. यात पिल्लू झाकणाखाली मरतं, झाकण खोल जातं, काळपट तेलकट दिसतं, भोक पडतं. काडेपेटीची काडी घ्या, गुल नसलेलं टोक त्या घरात घालून ढवळा आणि हळू ओढा. दोन-तीन सेंटीमीटर लांब चिकट तार आली, एकतारी पाकात येते तशी, तर हाच तो. वाळलेली खपली घराच्या तळाला अशी चिकटते की घर फाटेल पण खपली निघणार नाही. सॅकब्रूडची होडी आठवा, ती सुटते, ही सुटत नाही. याचे बीजाणू लाकडात-मेणात कित्येक दशकं जिवंत राहतात. संध्याकाळी सगळ्या माश्या आत आल्यावर पेटी बंद करून माश्या, फ्रेमा सगळं खड्ड्यात जाळून माती टाकायची, हाच उपाय. काडीला तार आली की आधी तज्ज्ञाला दाखवा, पण तोवर त्या पेटीचं काहीही दुसऱ्या पेटीत नेऊ नका.

दुकानदार म्हणतो ऑक्सिटेट्रासायक्लिन (अँटिबायोटिक) पाकातून द्या, दोन दिवसांत फरक. देऊ का?

मी देत नाही. सॅकब्रूडवर ते काहीच करत नाही, विषाणू आहे तो. अमेरिकन फाउलब्रूडमध्ये जिवाणू मरतात पण बीजाणू तसेच राहतात, म्हणजे लक्षणं दबतात आणि औषध थांबवलं की परत येतात, मधल्या काळात तुम्ही ती पेटी विकून टाकलेली असते. युरोपियनमध्ये फरक पडतो हे खरं आहे, पण ते तज्ज्ञाने तपासून, मधाचा मोसम नसताना, सांगितलं तरच द्यायचं. मधात अँटिबायोटिक उतरतं आणि लॅबमध्ये पकडलं जातं. २०१० मध्ये युरोपियन युनियनने भारतातला मध घेणं थांबवलं होतं त्यामागे हाच औषधांच्या अंशांचा घोळ होता. तुमची २० किलोची बरणी युरोपला जाणार नाही हे मान्य, पण ती कुणाच्या तरी पोराच्या पोळीवर जाणार आहे ना.

पिलं खडूच्या तुकड्यासारखी कडक झालीयेत, फ्रेम हलवली की खुळखुळतात.

चॉकब्रूड, बुरशी आहे. पांढरी किंवा काळपट-राखाडी ममी होते. मेलिफेरात जास्त, दमट जागेत जास्त. पेटी उन्हात येईल अशी ठेवा, पुढच्या बाजूला किंचित कलती ठेवा म्हणजे पाणी आत थांबत नाही, हवा खेळू द्या, ममी झालेल्या फ्रेमा काढा. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात पेट्या ठेवणाऱ्यांना हा दिसणारच, घाबरू नका. औषध लागत नाही.

मेणकिडा! सगळ्या फ्रेमा जाळ्यांनी भरल्या. हा रोग आहे का?

रोग नाही, पण नाशिकच्या उष्ण भागात सातेरी जितकी मेणकिड्याने जाते तितकी दुसऱ्या कशानेच जात नसेल. करड्या रंगाचा पतंग रात्री येतो, फटींमध्ये अंडी घालतो, अळ्या मेण, परागाचे अवशेष, कोषाची सालं खात बोगदे करत जातात. सुरुवात ओळखायची खूण सांगतो, ती बहुतेक जण हुकवतात. झाकणं असलेल्या पिलांमध्ये एक सरळ रेष उघडी दिसते, पाच-सात घरं ओळीने, आत जांभळट डोळ्यांचे पांढरे कोष जिवंत दिसतात. माश्यांनी झाकणं काढलीयेत कारण खालून अळी बोगदा करत गेलीये. फ्रेम उन्हात तिरपी धरून हलकेच टिचकी मारा, अळी बाहेर वळवळत येते. चिमट्याने काढा. इथपर्यंत पकडलं तर पेटी वाचते. पांढरी जाळी आणि काळ्या बारीक लेंड्या फ्रेमभर दिसायला लागल्या की उशीर झाला.

मेणकिडा बलवान पेटीत टिकत नाही, माश्याच त्याला ओढून फेकतात. म्हणजे तो कारण कमी आणि परिणाम जास्त. पेटी कशाने तरी आधी अशक्त झाली, माश्या चार फ्रेमांवर उरल्या आणि तुम्ही आठच्या आठ फ्रेमा तशाच ठेवल्या, मग मोकळ्या फ्रेमा त्याच्याच. रिकाम्या फ्रेमा काढा, आठवड्याला तळफळी खरवडून साफ करा (तो मेणाचा कचरा खाली झटकायचा नाही, पिशवीत घालून लांब टाकायचा), फटी मेणाने बुजवा. काढलेल्या चांगल्या फ्रेमा प्लॅस्टिकमध्ये बांधून डीप फ्रीजरमध्ये उणे १५ अंशाला दोन-तीन तास ठेवल्या की अंडी-अळ्या सगळं मरतं, घरच्या फ्रीजरमध्ये थंडी कमी असते म्हणून मी दोन दिवस ठेवतो आणि घरची मंडळी बोलणी ऐकवतात तो भाग वेगळा. बाहेर काढल्यावर आधी फ्रेम कोरडी होऊ द्या. डांबरगोळ्या मात्र ठेवू नका, मेणात वास आणि विष दोन्ही बसतं.

वरोआ सातेरीला होतो का? मेलिफेराला कसा मोजायचा?

वरोआ म्हणजे माशीच्या अंगावर आणि पिलांवर जगणारा बारीक कोळी, मुळात सातेरीचाच पाहुणा. हजारो वर्षं सोबत राहून त्यांचं जमलंय. सातेरीत तो मुख्यतः नराच्या घरांतच वाढतो आणि कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला काढून चावतात. मेलिफेराला हे जमत नाही, तिच्यात तो कामकरी पिलांत पण वाढतो, आणि पंख वाकवणारा विषाणू सोबत नेतो. जमिनीवर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या चालत दिसल्या म्हणजे आत वरोआ चिक्कार झालाय असं समजा.

हा डोळ्यांना दिसतो, तपकिरी-लालसर, चपटा, दीड मिलिमीटर रुंद, छोट्या खेकड्यासारखा. दिसला नाही म्हणून नाही असं नसतं, कारण निम्म्याहून जास्त झाकणांखाली असतात. मोजायला साखर चाचणी करा. पिलांच्या फ्रेमवरच्या अर्धा कप माश्या (साधारण ३००, राणी त्यात नाहीये हे दोनदा बघा, मी एकदा नाही बघितलं) बरणीत घ्या, तोंडाला जाळी लावा, जाळीतून दोन चमचे पिठीसाखर टाका, बरणी हळू लोळवा, दोन मिनिटं सावलीत ठेवा, मग उलटी करून पांढऱ्या ताटलीत साखर झाडा. साखरेवर पाणी शिंपडलं की विरघळते आणि वरोआ वर तरंगतो. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर असतं, त्यापेक्षा घरीच मिक्सरला साखर फिरवा. ३०० माश्यांत ९ किंवा जास्त निघाले, म्हणजे शंभराला तीन, की उपाय करायची वेळ झाली. माश्या परत पेटीत सोडा, पांढऱ्याफटक होऊन जातात आणि बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात, बघायला मजा येते.

आणि तो दुसरा, लांबट, पळणारा कोळी?

ट्रोपिलेलॅप्स. वरोआ आडवा रुंद आणि सुस्त, हा उभट आणि फ्रेमवर भराभर पळतो. हा मूळचा आग्या माशीवरचा. वाड्यावर, पाण्याच्या टाकीखाली आग्याचं मोहोळ आणि खाली तुमच्या मेलिफेराच्या पेट्या असतील तर तो येणारच. याचं एक दुखणं आपल्या फायद्याचं आहे, याला मोठ्या माशीचं रक्त पिता येत नाही, पिलांशिवाय दोन-तीन दिवसच जगतो. म्हणून राणी कोंडून पिलं थांबवली की याचा बाजार उठतो.

या कोळ्यांवर फॉर्मिक ॲसिड आणि गंधक कसं वापरायचं?

फॉर्मिकची पद्धत अशी की छोट्या काचेच्या बाटलीत ८५ टक्क्यांचं ५ मिली घेऊन कापसाची वात लावून पेटीच्या तळाशी ठेवतात, दर एक दिवसाआड भरतात, दोन-तीन आठवडे. वाफ झाकणाखालच्या वरोआपर्यंत जाते हा त्याचा फायदा. पण हे ॲसिड आहे, हातमोजे, चष्मा लागतो, आणि हवा तिशीच्या पुढे गेली की वाफ एकदम सुटते, पिलं आणि कधी कधी राणी पण जाते. नाशिकला मार्च-एप्रिलमध्ये विचारच नको. नोव्हेंबर ते जानेवारी, थंडीत करा आणि कांद्याचे डेंगळे फुलायच्या आधी, मधाच्या फ्रेमा चढवायच्या आधी संपवा.

गंधकाची बारीक पूड फ्रेमांच्या वरच्या पट्टीवर चिमटीने भुरभुरायची, फ्रेममागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास, आठ-दहा दिवसांनी परत. ट्रोपिलेलॅप्सला चांगली लागू पडते. आता नाशिकमध्ये गंधक म्हटलं की प्रत्येक द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये भुरीसाठीचं सल्फर असतंच आणि "हेच टाकू का" हा प्रश्न मला निदान वीस जणांनी विचारलाय. नाही. ते पाण्यात मिसळणारं असतं, त्यात बाकी घटक असतात. साधी गंधकाची पूड वेगळी.

पावसाळ्यात दारावर पिवळे ओघळ, माश्यांना हगवण लागलीये.

दोन शक्यता. एक, तुम्ही गुळाचा पाक दिलाय किंवा आंबलेला पाक राहिलाय. गूळ देऊ नका, माशीला पचत नाही, पांढरी साखर आणि पाणी समान. दुसरी, नोसेमा, आतड्याचा रोग. ताजी मेलेली किंवा मरायला टेकलेली माशी घ्या, पोटाचं टोक चिमट्याने हळू ओढा, आतडं बाहेर येतं. बिस्किटी रंगाचं असेल तर ठीक, दुधाळ पांढरं आणि फुगलेलं असेल तर नोसेमाचा संशय, पक्कं मायक्रोस्कोपखालीच कळतं. उपाय म्हणजे कोरडी जागा, ताजं वाहतं पाणी जवळ, जुन्या काळ्या फ्रेमा काढणं, पेटीत भरपूर अन्न.

सकाळी पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडलाय. कालपर्यंत ठीक होतं!

हा रोग नाही, फवारणी आहे. रोग एका रात्रीत सडा घालत नाही. मेलेल्या माश्यांची जीभ बाहेर आलेली, काही अजून गोल गोल फिरतायत, थरथरतायत, आणि शेजारच्या पाच पेट्यांत सारखंच चित्र, तर आधी शिवाराकडे बघा. (जीभ उपासमारीत पण बाहेर येते, पण तेव्हा माश्या पेटीतच, घरात डोकं खुपसून मेलेल्या असतात आणि मधाचा थेंब नसतो. पेटी उचलून बघा, हलकी फूल लागते.)

आमच्याकडे हे फार होतं आणि रोगाच्या नावावर खपतं. द्राक्षाला माशीची गरज नाही, पण बागेतलं तण फुललेलं असतं, पानावरचं पाणी प्यायला माश्या जातात, आणि त्यात थ्रिप्स, मिलीबगवर फवारण्या. कांदा बियाण्यावाले तर कमाल, परागीकरणाला पेट्या भाड्याने आणतात आणि फुलकिडे दिसले की भर फुलात, भर दुपारी पंप चालू करतात. एका शेतकऱ्याने मला "तुमच्या माश्या नाजूक आहेत" असं ऐकवलं होतं, ८ पेट्या रिकाम्या करून.

सडा पडल्यावर करण्यासारखं थोडंच उरतं. सावली, पाणी, पाक, आणि तीन-चार किलोमीटर लांब हलवणं. आधी कळलं तर खूप करता येतं. शेजाऱ्यांशी बोलून ठेवा, त्यांना मधाची बाटली द्या, फवारणी सूर्य मावळल्यावर करायला सांगा, आदल्या रात्री दाराला जाळी लावून पेटीवर ओलं गोणपाट टाका, एका दिवसापेक्षा जास्त नाही, उन्हात तर अजिबात नाही. आठ दिवसांनी घरांत नवी अंडी दिसतायत की नाही त्यावर राणी वाचली की नाही ते कळतं.

सातेरी पळून गेली. रोग होता का?

बहुधा नाही. भूक, मुंग्या, मेणकिडा, ऊन, सारखी सारखी उघडझाप, यातलंच काहीतरी. रिकाम्या फ्रेमा बघा. पिलं, मध काहीच न ठेवता गेली म्हणजे ठरवून गेली, निवांत आवरून. मेलेली पिलं मागे ठेवून गेली असेल तर वर सांगितलेली पिशवीची चाचणी करा आणि तसं निघालं तर त्या पेटीत दुसरं मोहोळ भरायची घाई करू नका.

मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत, पाण्यावर तेलाचे दोन थेंब. वेडा राघू तारेवर बसून माश्या उचलतो त्याला काही करू नका, दिवसाला मूठभर खाईल, गांधीलमाश्या मात्र दारात ठाण मांडून बसतात तेव्हा दार लहान करा.

सँपल कुठे पाठवायचं?

पुण्यात गणेशखिंड रोडवर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, खादी ग्रामोद्योग आयोगाची. महाबळेश्वरला राज्य खादी मंडळाचं मध संचालनालय आहे. जवळ हवं तर आपलं कृषी विज्ञान केंद्र, मुक्त विद्यापीठाचं, तिथे आधी फोटो दाखवा. पिलांच्या फ्रेमचा तळहाताएवढा, दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा, ज्यात मेलेली पिलं आहेत असा, कागदात गुंडाळून खोक्यात. प्लॅस्टिकमध्ये नाही, प्लॅस्टिकमध्ये बुरशी चढते आणि पुण्याला पोहोचेपर्यंत सगळंच चॉकब्रूड दिसतं. त्यात मध नको. मोठ्या माश्या पाठवायच्या तर त्या स्पिरिटमध्ये बुडवून. सोबत चिठ्ठी, कधी दिसलं, किती पेट्यांत, काय औषध दिलं. औषध दिलं असेल तर लपवू नका राव, लाज कसली.

रोगट पेटीतला मध खायला चालतो का?

हे रोग माणसाला होत नाहीत. औषध किंवा विषबाधा झालेल्या पेटीतला खाऊ नका. आणि रोगट पेटीतला मध दुसऱ्या माश्यांना कधीच घालू नका, बाजारातला मध पण नाही, कुठल्या पेटीतला ते कुणाला माहीत. वर्षाच्या आतल्या बाळाला तर कुठलाच मध चाटवू नका, आजी काही म्हणो.

रिकामी झालेली पेटी परत वापरता येते का? कुणीतरी जुन्या पेट्या स्वस्तात विकतोय, घेऊ का?

सॅकब्रूड किंवा मेणकिड्याने गेलेली असेल तर फ्रेमा जाळा, खोकं खरवडा, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा, आतून ब्लो लॅम्पने लाकूड बदामी होईपर्यंत भाजा, मग आठ दिवस उन्हात. पटाशी, चाकू पण प्रत्येक पेटीनंतर ज्योतीत धरा, हातमोजे धुवा. अमेरिकन फाउलब्रूडची शंका असेल तर खोकंही जाळा.

जुन्या पेट्या घेताना विकणारा काय सांगतो ते ऐकून घ्या आणि मग फ्रेमा उन्हात तिरप्या धरून घरांचे तळ बघा. काळ्या खपल्या दिसल्या तर नखाने एक काढून बघा. निघाली तर भाव पाडा आणि फ्रेमा तिथेच सोडून फक्त खोकी घ्या. नाही निघाली तर हात धुवा, साबणाने, आणि गाडीला किक मारा.